शब्द परत ठेवला

सरांचा प्रश्न आला तेव्हा मी औषधांच्या खिडकीत बसून एका आजोबांना सांगत होतो, की पांढरी गोळी जेवणाआधी आणि पिवळी जेवणानंतर. आजोबांना कमी ऐकू येत असल्यामुळे तिसऱ्यांदा सांगत होतो. फोन टेबलावर उताणा पडला होता. त्याचा पडदा उजळला आणि त्यावर एवढंच दिसलं : ‘हे वाक्य कोणाचं?’

आजोबा गेले. मागे रांग नव्हती. मी फोन उचलला.

इंटरनेटवर एक मोफत ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहू शकतं आणि दुसऱ्याने लिहिलेलं कोणीही सुधारू शकतं. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असतं, तिथे लिहिणारे आपापसांत बोलतात, भांडतात. सरांचा प्रश्न आमच्या लेखाच्या चर्चापानावर होता. सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. लेख कोशाच्या मुखपृष्ठावर झळकायच्या लायकीचा आहे की नाही हे ठरवणाऱ्या सात-आठ जणांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी लिहिलं होतं : ‘मिठावरच्या परिच्छेदाचा शेवट असा आहे – “हे मीठ यामातो दरबाराला खंडणी म्हणून पाठवले जाई.” याला ज्या जपानी पुस्तकाचं जे पान संदर्भ म्हणून दिलंय, ते मी एका जाणकार मित्राकडून वाचून घेतलं. त्या पानावर मिठाच्या भांड्यांची माहिती आहे. खंडणीचा शब्दही नाही. पुस्तकाने जे म्हटलेलं नाही ते त्याच्या गळ्यात बांधलंय. हे वाक्य कोणाचं?’

वाक्य माझं होतं.

मी एका मोठ्या इस्पितळात सत्तावीस वर्षं औषधं देतो. सगळे मला कंपाउंडर म्हणतात. खरं तर बाटलीत पाणी ओतून औषध करण्याचे दिवस कधीच सरले. आता सगळं पाकिटात तयार येतं, मी फक्त कात्रीने पट्टी कापतो. कॉलेज मी एका वर्षात सोडलं, म्हणजे घरच्या परिस्थितीने सोडायला लावलं. वाचायची खोड मात्र सुटली नाही. रद्दीत येईल ते वाचायचो. मग घरात कॉम्प्युटर आला आणि हा कोश सापडला. तिथे मी ‘कासव’ हे टोपणनाव घेतलं, कारण टाइप करायला मला दोनच बोटं येतात.

त्या कोशात ज्या विषयावर कोणीच लिहिलेलं नसतं त्याचं नाव लाल अक्षरांत दिसतं. प्राचीन जपानच्या प्रांतांची एक यादी होती, तिच्यात ‘किबी’ हे नाव लाल होतं. मी त्यावर बोट दाबलं तर कोरं पान उघडलं. एवढंच निमित्त. जपानशी माझं काही नातं नाही. ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “घरातला नळ वर्षभर गळतोय आणि हे निघालेत जपानची डागडुजी करायला.”

किबी हा आतल्या समुद्राच्या काठावरचा जुना प्रांत. यामातो नावाच्या राज्याचा दबदबा अजून सगळीकडे बसायचा होता, तेव्हा किबीचे सरदार त्याच्या तोडीस तोड होते. मेलेल्या सरदारावर ते टेकडीएवढा मातीचा ढीग रचत. लोखंड गाळत, मीठ करत. पुढे यामातोने त्यांना वाकवलं आणि प्रांताचे तुकडे केले. इंग्रजीतली दोन पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत मी सकाळी कामावर जायच्या आधी तासभर लिहायचो. तीन महिन्यांत सात ओळी झाल्या. कासव नाव उगाच नव्हतं घेतलं.

एका सकाळी माझ्या सात ओळींखाली कोणीतरी चार ओळी घातलेल्या दिसल्या. त्यात शुद्धलेखनाच्या बारा चुका होत्या आणि एका जपानी पुस्तकाचं नाव, पान क्रमांकासकट. बदल करणाऱ्याने आपण काय केलं हे छोट्याशा चौकटीत लिहायचं असतं. तिथे होतं : ‘चुकले तर काढा.’ टोपणनाव होतं ‘खापर’.

मी बारा चुका दुरुस्त केल्या, मजकूर ठेवला आणि ‘खापर’च्या पानावर विचारलं, ‘आपण जपानी वाचता?’

उत्तर आलं : ‘थोडे. भांड्यांचे वाचता येते. बाकिचे अडखळत.’

असं आमचं सुरू झालं. मी तिला ताई म्हणू लागलो, ती मला दादा. हळूहळू कळलं, तिचा नवरा त्या भागात जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. ती नऊ वर्षं तिथे राहिली. गावात खोदकाम चालायचं आणि निघालेली खापरं धुवायला बायका रोजाने ठेवायचे, त्यात हीही. मऊ ब्रशने खापर धुवायचं, वाळवायचं, त्यावर बारीक अक्षरात नंबर घालायचा. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता ती लिपी शिकली. मग नवरा गेला, आणि ती मुलीला घेऊन परत आली. आता एका लॉन्ड्रीत कामाला होती.

मिठाच्या भांड्यांबद्दल तिने पहिल्यांदा लिहिलं ते मला अजून पाठ आहे. ‘हि भांडी कपाएवढी आणि पातळ असतात. समुद्राचे पाणी त्यात आटवतात. मी धुतलेली सगळी लालसर झालेली होती आणी एकपन अख्खे नव्हते.’ मी शेवटचं वाक्य काढून टाकलं. कोशात ‘मी’ चालत नाही. तिला तसं कळवलं. तिने लिहिलं, ‘बरोबर आहे दादा.’

ती नेहमी तेच लिहायची. चौदा महिने मी तिची वाक्यं पुसली, उलटवली, जोडली, आणि तिने दरवेळी लिहिलं, बरोबर आहे दादा. सात ओळींचे चाळीस परिच्छेद झाले. त्यातली माहिती निम्म्याहून जास्त तिची होती, मराठी माझं. कोणी विचारलं तर मी ‘आम्ही दोघं लिहितो’ असं म्हणायचो आणि म्हणताना मला स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुक वाटायचं.

आता त्या वाक्याचं. ताईने लिहिलं होतं : ‘हे मिठ यामातोकडे जात असावे असे वाटते, पन पुरावा कमी आहे.’ याला तिने संदर्भ दिलेला नव्हता. संदर्भाचा आकडा आधीच्या, भांड्यांच्या वाक्यावर होता. एका सकाळी परिच्छेद वाचताना मला ते वाक्य लंगडं वाटलं. एवढा भरभर चाललेला परिच्छेद आणि शेवटी ‘असावे असे वाटते, पण’. खिडकीत बसून मी कधी ‘असावी’ म्हणत नाही. ही गोळी तापाची असावी, असं म्हटलं तर माणूस पट्टी तिथेच टाकून पळेल. मी लिहिलं, ‘पाठवले जाई.’ त्यात ‘खंडणी’ घातलं, कारण शब्द भारदस्त होता. आणि आकडा उचलून परिच्छेदाच्या टोकाला नेऊन ठेवला, तिथे तो नीटनेटका दिसत होता. दोन मिनिटांचं काम. मग डबा घेऊन मी कामावर गेलो.

सरांच्या प्रश्नाखाली मी काय लिहिलं ते सांगतो. सरळ लिहिता आलं असतं : माझं, चूक झाली, दुरुस्त करतो. पाच शब्द. पण दुसऱ्या दिवशी निर्णय होता. हे सगळे शिकलेले लोक, त्यांच्यात मी ‘कासव’ म्हणून वर्षभर मानाने वावरलो होतो. मी कंपाउंडर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की आता यांना कळणार, हा आपल्यातला नाही.

मी लिहिलं : ‘तो परिच्छेद सहलेखिकेने दिलेल्या मजकुरावर आधारलेला आहे. जपानी मला येत नाही. मी भाषा पाहिली.’

यातला एकही शब्द खोटा नाही. पाठवण्यापूर्वी मी ते दोनदा वाचून खात्री करून घेतली होती. खरं बोलणाऱ्याला एवढी खात्री करावी लागत नाही.

आणि मला हेही माहीत होतं, की सरांच्या ओळखीचा एक प्रकाशक मुलांसाठी ज्ञानकोश काढतोय, त्याला जपानी वाचणारं माणूस हवंय, आणि सरांनी ताईला विचारलंय. दोन आठवड्यांपूर्वीच तिची मेल आली होती. ‘दादा, सर म्हणाले डिग्री नसली तरी चालेल, तुमचे लेखातले काम मी बघितले आहे. टेबलखुर्चीचे काम आहे. तेरा वर्षे उभी आहे मी.’ मी तिचं अभिनंदन केलं होतं. मेलमध्येही तिच्या दोन चुका दाखवल्या होत्या, प्रकाशकाला लिहाल तेव्हा लक्षात ठेवा म्हणून.

सरांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘मग बाकीचे जपानी संदर्भही तपासावे लागतील. सदस्या खापर यांनी पुस्तकाचा हवाला देताना जबाबदारीने द्यावा.’ खाली दुसऱ्या एकाने लिहिलं, सहमत. तिसऱ्याने लिहिलं, उत्साह चांगला, पण संशोधन हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मी खिडकीत बसून एकेक वाचत होतो. मध्येच एक बाई आली, तिला मी खोकल्याचं औषध दिलं आणि बाटली हलवून घ्या असं सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटर उघडला तेव्हा ताई येऊन गेली होती. लेखात तिने एकच बदल केला होता. माझं वाक्य काढून आपलं परत घातलं होतं आणि आकडा जिथे होता तिथे नेऊन ठेवला होता. चौकटीत लिहिलं होतं : ‘शब्द परत ठेवला.’ चर्चापानावर सरांच्या खाली तिची एक ओळ होती : ‘सरांचे म्हणने बरोबर आहे. पुस्तकात तसे नाही.’

बस. माझ्याबद्दल काही नाही.

त्यानंतर मी जे केलं ते कोणाला सांगायची लाज वाटते, म्हणून इथे सांगून टाकतो. ‘म्हणने’ मधल्या ‘न’चा मी ‘ण’ केला. चर्चापानावर दुसऱ्याच्या बोलण्याला हात लावायचा नसतो, हे पोरासोरांनाही माहीत असतं. पण चौदा महिन्यांची सवय. बोट गेलं आणि बदल जतन झाला. त्या कोशात प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, किती वाजता. लेखाच्या डोक्यावर ‘इतिहास’ लिहिलेलं असतं, तिथे बोट दाबलं की सगळं उघडं. मीठ, खंडणी, हलवलेला आकडा, आणि आता हा ‘ण’. सगळ्यांवर कासव.

बाकीचे संदर्भ तपासले गेले. एकही चुकीचा निघाला नाही. लेख मंजूर झाला आणि पुढच्या महिन्यात एक दिवस मुखपृष्ठावर आला. आमच्या मोठ्या डॉक्टरांना कुठून तरी कळलं. त्यांनी त्या पानाची छापील प्रत काढून फलकावर लावली, वर लिहिलं, ‘आपले कंपाउंडर, आपला अभिमान.’ नर्स येता-जाता म्हणायच्या, “काका, आम्हाला पत्ताच नाही, तुम्ही एवढे मोठे लेखक.” ज्याला त्याला मी म्हणत होतो, “छे हो, दोघांनी मिळून लिहिलंय.” त्याने माझी विनम्रता तेवढी जास्त दिसायची.

ताई त्या दिवसापासून कोशावर आली नव्हती. तिच्या पानावर मी दोनदा लिहिलं, ताई, कशा आहात. मेल केली नाही. मेलचं उत्तर आलं असतं.

ते पान फलकावर लागून आठवडा झाला असेल. मी घरी जेवत होतो. ही समोर बसून वाटाणे सोलत होती.

“ती तुमची खापर काय म्हणाली?” हिने विचारलं.

“कशाबद्दल?”

“एवढा लेख पहिल्या पानावर आला. फोन तरी केलात का तिला?”

“ती हल्ली कामात असते.”

ही सोलत राहिली. तीस वर्षं संसार झाला की माणसाचा आवाज कुठे घसरतो ते कळतं. थोड्या वेळाने म्हणाली, “काय केलंत?”

मी सांगितलं. सगळं नाही सांगायचं ठरवून सुरुवात केली, पण वाटाणे संपेपर्यंत सगळं सांगून झालं होतं, ‘ण’सुद्धा.

“म्हणजे तिच्यावर ढकललंत.”

“ढकललं नाही गं. मी फक्त बोललो नाही.”

“तेच.” तिने सालं गोळा केली. “आणि ते टेबलखुर्चीचं काम?”

“ते माहीत नाही.”

“माहीत करून घ्या की.”

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी माझा डबा नेहमीसारखा भरून ठेवलेला होता, पण ‘लिहायला बसला नाहीत का आज’ असं तिने विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

सरांचा नंबर त्यांच्या पानावर होता. रविवारी सकाळी मी फोन लावला आणि ‘कासव’ बोलतोय म्हणालो. सर खूश झाले. “बोला, बोला. तुमचा आवाज मी तरुण धरला होता.”

“सर, ते मिठाचं वाक्य माझं होतं. खापरताईंनी ‘असावे’ लिहिलं होतं. मी बदललं. आकडाही मीच हलवला.”

पलीकडे कॉम्प्युटरची कळ दाबल्याचा आवाज आला, पुन्हा आला.

“हो. इथे दिसतंय,” सर म्हणाले. “बारा तारखेला. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं.”

“हो सर.”

“मला हे तेव्हाच उघडून बघता आलं असतं. एक मिनिट लागलं असतं. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, मूळ साधन बघा, ऐकीव धरू नका. तुमची भाषा चांगली आहे ना, म्हणून तुमचं धरलं मी.”

“सर, ते प्रकाशकाकडचं काम...”

“गेलं. मी नाव मागे घेतलं तिचं. दुसऱ्या बाईंशी करार झाला. तिला पत्र मीच लिहिलं होतं, अजून अनुभव घ्या म्हणून. मी लिहितो तिला. काय लिहू ते बघतो. तुम्ही काय करताहात?”

“मला भेटायचंय त्यांना. पत्ता नाही माझ्याकडे.”

“तिला विचारल्याशिवाय देणार नाही मी.”

“बरोबर आहे सर,” मी म्हणालो. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी कोणाकडून ऐकत आलोय.

त्याच दिवशी चर्चापानावर मी सगळं लिहिलं, तारखा आणि वेळांसकट. मी इस्पितळात औषधं देतो, कॉलेज एक वर्ष केलंय, हेही लिहिलं. वाटलं आता झोड उठेल. दोन दिवसांनी एकाने खाली टाकलं : ‘दुरुस्ती आधीच झालेली आहे. विषय बंद करावा.’ बाकी कोणी काही बोललं नाही. ज्यांच्यासाठी मी ताईला पुढे केलं, त्यांना माझ्यात एवढासुद्धा रस नव्हता.

इस्पितळातल्या फलकावरचं ते पान मी स्वतः काढलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तर म्हणालो, जागा अडत होती.

दहा दिवसांनी सरांचा निरोप आला. पत्ता, आणि खाली : ‘येऊ दे म्हणाली. दुपारी दोननंतर.’

बसने तीन तास लागले. लॉन्ड्री बस-थांब्याच्या अगदी समोर होती, रस्त्याला पूर्ण काच. आत पुढे काउंटर, मागे लांबलचक खोली. एका बाजूला भिंतीएवढा गरम रूळ फिरत होता, त्यातून पांढऱ्या चादरी सपाट होऊन बाहेर पडत होत्या. काउंटरवर कोणी नव्हतं. मी उभा राहिलो तशी आतून एक बारीक चणीची, चष्मा लावलेली बाई आली. तिने पावतीपुस्तक ओढलं.

“द्यायचेत की न्यायचेत?”

“नाही, मी...”

“नाव?”

“कासव,” मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, घाई न करता. मग पुस्तक मिटलं.

“मला वाटलं होतं तुम्ही जाड असाल,” ती म्हणाली.

“का?”

“माहीत नाही. लिहिता तसं जाडजूड.” तिने मागे वळून पाहिलं. रुळातून आलेल्या चादरी टेबलावर साचत होत्या. “आत या. आज माझी जोडीदारीण आली नाहीये, इथे उभं राहून बोलता नाही येणार मला.”

मी आत गेलो. तिने एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दोन स्वतः धरली. कसं काय करायचं ते मी तिचं बघून करू लागलो. मागे सरायचं, ताणायचं, मधोमध दुमडायचं, पुढे येऊन टोकं तिच्या हातात द्यायची. कापड चांगलंच गरम होतं. तिच्या बोटांची टोकं जाड आणि गुळगुळीत झालेली दिसत होती.

“ताई, मी सरांना सांगितलं.”

“कळवलं त्यांनी. पत्र आलं. चांगलं लिहिलंय.”

“चर्चापानावरही लिहिलं.”

“वाचलं.”

चार-पाच चादरी झाल्या. रुळाचा आवाज एकसारखा होता.

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?” मी म्हणालो. “इतिहासात नोंद होती. एक ओळ लिहिली असती तरी माझं पितळ उघडं पडलं असतं.”

“मला वाटलं, मीच लिहिलंय ते.”

मला कळलं नाही.

“चौदा महिने चुका माझ्याच निघायच्या ना,” ती म्हणाली. “तर वाटलं, हीपण माझीच. माझी एक वही आहे, आधी तिच्यात लिहिते मी. तासभर ती शोधली. कपाटाखाली मिळाली. तिच्यात ‘असावे’ होतं. मग इतिहासाचं पान उघडलं.” तिने टोकं जुळवली. “मग थोडा वेळ बसून राहिले. वाटलं दादा आता बोलतील. जेवून आल्यावर बोलतील. मग शब्द परत ठेवला आणि कामाला आले.”

मी टोकं धरून उभा होतो. तिने हलकेच ओढून ती माझ्या हातातून घेतली.

“मुलीला मी सांगून बसले होते,” ती म्हणाली, “की मला पुस्तकाचं काम मिळतंय. तिने वर्गात सांगितलं. मग काय झालं म्हणून विचारायला लागली.”

“काय सांगितलंत?”

“डिग्रीवाली पाहिजे होती त्यांना, म्हटलं.”

म्हणजे तिने मुलीसमोरसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. मला एकदम बसावंसं वाटलं, पण तिथे खुर्ची नव्हती. कोणालाच नव्हती.

“लेखात परत या ताई,” मी म्हणालो. “मी एका अक्षराला हात लावणार नाही. चुका राहू दे तशाच.”

“चुका कशाला राहू द्यायच्या? चुका काढायच्याच असतात.” तिने पहिल्यांदा जरा तीक्ष्ण आवाजात म्हटलं. मग पुन्हा आधीसारखी झाली. “नाही येणार. राग म्हणून नाही. परवा वही काढली, तिथल्या सरदाराच्या मातीच्या टेकाडावर चढले होते त्याचं लिहावं म्हणून. एक ओळ लिहिली आणि बघत बसले, यात काय चुकलंय, यात काय चुकलंय. काहीच चुकलं नव्हतं बहुतेक. पण पुढे जाताच आलं नाही.”

“मी त्या प्रकाशकाला पत्र लिहू का? सगळं खरं काय ते? पुढच्या खंडाला तरी...”

“नको.” तिने हातातली चादर खाली ठेवली. “दादा, माझ्या वतीने तुम्ही आता काही लिहू नका.”

तिने ते शांतपणे सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील हे सांगावं तसं. मी मान हलवली. मग आम्ही उरलेल्या चादरी घडी केल्या. तीसेक असतील. मध्ये तिने विचारलं, जेवलात का, मी हो म्हणालो. मी विचारलं, मुलगी कितवीला, तिने सांगितलं. शेवटची घडी ढिगावर ठेवून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“तुमची पाचची गाडी आहे ना? निघा आता. नंतरची फार भरलेली येते.”

“येतो,” मी म्हणालो. माफी शब्द मी घरून निघताना पाठ केल्यासारखा आणला होता, तो म्हणायचा राहिलाच होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात काउंटरवर दोन माणसं आली आणि ती पुढे गेली.

रस्ता ओलांडून मी थांब्यावर उभा राहिलो. समोरच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. ती माणसं गेली. ताई टेबलाशी परतली. आम्ही दोघांनी रचलेल्या ढिगाची वरची चादर तिने उचलली, न जुळलेल्या कडांवरून बोट फिरवलं, आणि झटकून उलगडली. मधली कड हनुवटीखाली धरली, दोन्ही हात लांब करून टोकाला टोक जुळवलं, आणि एकटीने घडी घातली. ती बाजूला ठेवून दुसरी उचलली. तीही उलगडली.

गाडी आली तेव्हा तिच्या हातात चौथी होती.